व्हिडिओ फाइलींचा मेटाडेटा: ईलानमध्ये टिपणे करण्याआधी, करताना आणि नंतर

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती, घरी कांड्या भरणाऱ्या स्त्रियांचे बोलणे, जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेत निघणारी नंदीध्वजांची मिरवणूक अशा विषयांचे चित्रीकरण करून ते ईलान या ॲनोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे विद्यार्थी आणि अभ्यासक पुनःपुन्हा एकाच अडचणीत सापडतात. वर्षभरापूर्वी मेहनतीने टिपलेल्या ओळी पडद्यावर दिसतात, पण बोलणारी व्यक्ती कोण, चित्रीकरण कोणत्या दिवशीचे, ते कोणाला दाखवण्याची तिने परवानगी दिली होती, याचा कोठेही पत्ता लागत नाही. काही वेळा तर ओळी राहतात आणि व्हिडिओच सापडत नाही. याचे कारण बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असते. आधी टिपणे केली जातात आणि मेटाडेटा सवडीने भरू म्हणून मागे ठेवला जातो.

## सुरुवात करण्याआधी: कोणती माहिती कोठे जाते

मेटाडेटा म्हणजे संपूर्ण फाइलीविषयीची माहिती आणि ॲनोटेशन म्हणजे फाइलीतील एका विशिष्ट क्षणाविषयीचे टिपण, एवढा भेद मनात पक्का असला पाहिजे. ‘चौथ्या मिनिटाला धोटा अडकतो आणि कामगार माग थांबवतो’ हे ॲनोटेशन आहे. ‘यंत्रमागावर चादर विणण्याचे चित्रीकरण, बोलणारे दोन जण, भाषा तेलुगू आणि मराठी’ हा मेटाडेटा आहे. पहिली माहिती ईलानच्या फाइलीत जाते, दुसरी वेगळ्या नोंदपत्रकात जाते, आणि दोघींना जोडणारा दुवा म्हणजे कधीही न बदलणारा ओळख क्रमांक.

नेदरलँड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत विकसित झालेले ईलान विनामूल्य मिळते. त्याच्या जोडीला फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणारे मीडियाइन्फो, तक्त्यांसाठी लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल, आणि दोन स्वतंत्र बाह्य हार्ड डिस्क एवढी सामग्री सुरुवातीला पुरेशी आहे; एखाद-दुसरे साधन पुढे त्या त्या टप्प्यात लागेल. अन्य सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मेनूंची नावे बदलून घ्यावीत; क्रम तोच राहतो.

## टप्पा १: मूळ फाइल उतरवून ती गोठवणे

चित्रीकरणाच्या दिवशीच कार्डावरील फाइली केबलने किंवा कार्ड रीडरने संगणकावर घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरून मागवलेला व्हिडिओ मूळ फाइल म्हणून कधीही स्वीकारू नये, कारण पाठवताना तो सामान्यतः दाबून लहान केला जातो आणि चित्रीकरणाची वेळ, उपकरण अशी आतील माहिती त्यातून निघून जाते.

फाइल उतरवल्यावर लगेच तिचा एसएचए-२५६ चेकसम काढून नोंदवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो मिळतो. ६४ अक्षरांची ही ओळ फाइलीच्या बोटांच्या ठशासारखी असते. फाइलीतील एक बिट जरी बदलला, तरी ओळ बदलते. त्यानंतर मूळ फाइलींना ‘केवळ वाचन’ हा गुणधर्म लावून त्या दोन्ही डिस्कवर ठेवाव्यात आणि पुढील सर्व काम प्रतीवर करावे.

लांब मुलाखतींच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी विसरली जाते. कार्ड एफएटी-३२ पद्धतीचे असेल, तर ४ जीबीच्या मर्यादेमुळे कॅमेरा एकाच चित्रीकरणाचे दोन-तीन तुकडे करतो. हे तुकडे वेगळ्या मुलाखती नाहीत. त्यांची नोंद एकच, ओळख क्रमांक एकच, आणि ‘भाग’ या रकान्यात १, २, ३ असा अनुक्रम लिहावा.

पडताळणी: दोन्ही डिस्कवरील प्रतींचा चेकसम मूळ ओळीशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये.

## टप्पा २: ओळख क्रमांक देणे

कॅमेऱ्याने दिलेले नाव टिकवू नये, कारण कार्ड बदलले किंवा सेटिंग पूर्ववत झाले, की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो आणि दोन वेगवेगळ्या दिवसांच्या दोन फाइलींना एकच नाव मिळते. ओळख क्रमांकात स्थळाचा संकेत, तारीख आणि अनुक्रम एवढेच असावे, उदाहरणार्थ ‘सोला-२०२४०९१५-०३’. येथे तो वाचनासाठी देवनागरीत दिला आहे. प्रत्यक्ष फाइलीचे नाव रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांत, रिकामी जागा न सोडता लिहावे, म्हणजे झिप करताना किंवा दुसऱ्या प्रणालीवर नेताना ते बिघडत नाही.

व्यक्तीचे नाव, विषय, ‘फायनल’, ‘नवीन’, ‘फायनल-२’ असे शब्द फाइलीच्या नावात घालू नयेत. विषयाचे आकलन पुढे बदलते, एखाद्याची संमती मागे घेतली जाते, आणि मग नाव बदलण्याची वेळ येते. ईलानमध्ये एकदा जोडलेल्या फाइलीचे नाव बदलणे म्हणजे दुवा तोडणे होय.

## टप्पा ३: नोंदपत्रक त्याच दिवशी भरणे

ज्याच्या अभावी सर्वाधिक नुकसान होते, तो हा टप्पा असल्यामुळे येथे घाई करू नये. एका ओळीत एक चित्रीकरण, अशा तक्त्यात ओळख क्रमांक, भाग, चेकसम, शीर्षक, तारीख, सुरू झाल्याची वेळ, स्थळ, भाषा, बोलणाऱ्या व्यक्तींचे संकेत व त्यांची भूमिका, चित्रीकरण करणारा, उपकरण, कालावधी, संमतीची पातळी, वर्णन, विषयशब्द आणि संबंधित फाइली हे रकाने असावेत. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या सर्वमान्य मानकात १५ मूलभूत घटक आहेत. आपले रकाने त्यांच्याशी जुळवून ठेवले, तर पुढे एखाद्या संग्रहालयाकडे साहित्य सोपवताना सर्व माहिती पुन्हा लिहावी लागत नाही.

तारीख आणि वेळ. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०२४-०९-१५ अशी लिहावी. ‘०३/०४/२०२४’ ही तारीख एक जण तीन एप्रिल वाचतो, दुसरा चार मार्च. फाइलीच्या आत उमटलेल्या वेळेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एमपी-४ च्या मानकानुसार निर्मितीची वेळ जागतिक समन्वित वेळेत लिहायची असते आणि अनेक फोन तशीच लिहितात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्यामुळे १५ जानेवारीला पहाटे साडेचार वाजता केलेले चित्रीकरण फाइलीत १४ जानेवारीच्या रात्री ११ चे म्हणून नोंदले जाते. काही कॅमेरे मात्र त्याच जागी स्थानिक वेळ लिहितात. त्यामुळे आपल्या प्रत्येक उपकरणाची सवय एकदा तपासून उपकरणाच्या रकान्यात लिहून ठेवावी.

माझ्या एका कामात याहून मोठी चूक झाली. यात्रेच्या चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली होती, घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर गेले, आणि तीन दिवसांच्या सर्व फाइलींवर भलतेच वर्ष बसले. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा आणि होम मैदानावरील होमप्रदीपन हा विधींचा क्रम ठरलेला आहे, म्हणून मला दिवस लावता आले. मुलाखतींना असा आधार नसतो. तेव्हापासून प्रत्येक दिवसाच्या पहिल्या चित्रीकरणात मी फोनवरील घड्याळ व तारीख पाच सेकंद कॅमेऱ्यासमोर धरतो. प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाषा. ‘भाषा: मराठी’ एवढी नोंद सोलापुरात क्वचितच पुरेशी ठरते. कांडीच्या चरख्याजवळ बसलेली एखादी आजी सुनेशी तेलुगूत बोलते, शेजारणीला कन्नडमध्ये उत्तर देते आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपल्याशी मराठीत बोलते. हे सगळे अकरा मिनिटांच्या एकाच फाइलीत घडते. अशा वेळी भाषांची यादी आयएसओ ६३९-३ या मानकातील तीन अक्षरी संकेतांनी भरावी. मराठीसाठी एम-ए-आर, तेलुगूसाठी टी-ई-एल, कन्नडसाठी के-ए-एन आणि उर्दूसाठी यू-आर-डी असे हे संकेत आहेत. त्याशिवाय ‘कोण कोणाशी कोणत्या भाषेत’ हा स्वतंत्र रकाना वाक्यांत भरावा. बोलणारा आपल्या भाषेला काय म्हणतो, तेही त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, कारण संकेताच्या चौकटीत ते बसेलच असे नाही.

व्यक्ती आणि संमती. नोंदपत्रकात नाव न लिहिता ‘व्य-०१’ असा संकेत लिहावा. नाव, पत्ता, दूरध्वनी आणि संकेत यांची सांगड घालणारी यादी वेगळ्या, परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या फाइलीत असावी. संमतीच्या रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून भागत नाही. केवळ अभ्यासकांसाठी, वर्गात दाखवण्यासाठी, महाजालावर प्रसिद्ध करण्यासाठी, अशा ठरलेल्या पातळ्यांपैकी एक आणि संमती घेतल्याची तारीख लिहावी. मजुरीविषयी किंवा उचलीविषयी बोलणाऱ्या कामगाराच्या पोटापाण्याचा प्रश्न या एका रकान्यावर अवलंबून असू शकतो.

इशारा: फोनवर स्थाननोंद चालू असेल, तर व्हिडिओच्या आत अक्षांश-रेखांश उमटतात. नाव लपवले आणि घराचे स्थान फाइलीत राहिले, तर लपवण्याला अर्थ उरत नाही. बाहेर देण्याच्या प्रतींतून ही माहिती एक्झिफटूलसारख्या साधनाने काढून टाकावी. मूळ फाइलीला हात लावू नये.

वर्णन. ‘यंत्रमागाची मुलाखत’ हे वर्णन नव्हे. ‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखान्यात जॅकार्ड मागावर चादर विणणारा कामगार ताणा तुटल्यास तो कसा जोडतो, हे करून दाखवतो; पार्श्वभूमीला इतर मागांचा मोठा आवाज असल्याने सहाव्या मिनिटानंतरचे बोलणे अस्पष्ट आहे’ हे वर्णन आहे. चित्रीकरण न पाहता ते उपयोगी आहे की नाही, हे वाचणाऱ्याला ठरवता आले पाहिजे.

## टप्पा ४: विषयशब्दांची यादी बांधणे

एक जण ‘यंत्रमाग’ लिहितो, दुसरा ‘पॉवरलूम’, तिसरा नुसता ‘माग’. मग शोध घेतला की एक तृतीयांश फाइली हाती लागतात. प्रत्येक संकल्पनेसाठी एक शब्द निवडून त्यापुढे त्याचे पर्याय लिहिलेली यादी आधी तयार करावी, आणि नोंदपत्रकात तोच निवडलेला शब्द ड्रॉपडाउनमधून घ्यावा. स्थळांच्या नावांनाही हाच नियम लावावा. बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द मात्र ॲनोटेशनमध्ये जसाच्या तसा राहिला पाहिजे. तेथे यादीचा आग्रह धरल्यास आपण माणसाची बोलीच बदलून टाकतो.

देवनागरीत एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲक्रिलिक’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येते, किंवा ‘अ’ आणि त्यावर चंद्राची खूण अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, या जोडीला एकरूप करत नाही. वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळी रूपे उमटतात. म्हणून एक रूप ठरवून ‘शोधा आणि बदला’ या सोयीने संपूर्ण तक्ता आठवड्यातून एकदा स्वच्छ करावा. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली रिकामी जागाही अशीच फसवते.

पडताळणी: विषयशब्दांच्या रकान्यातील प्रत्येक वेगळा शब्द एकदाच घेऊन त्यांची यादी अकारविल्हे लावून पाहावी. सारखे दिसणारे शब्द दोनदा आले, तर त्यांत लपलेला फरक आहे.

## टप्पा ५: ॲनोटेशनसाठी कार्यप्रत तयार करणे

मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळ पाहावी. फोनने घेतलेल्या व्हिडिओत ती अनेकदा ‘व्हेरिएबल’ असते, म्हणजे चित्रांचा वेग सेकंदागणिक कमीजास्त होतो. अशा फाइलीत लांब मुलाखतीच्या शेवटाकडे आवाज आणि चित्र यांची फारकत होऊ शकते. हँडब्रेक या व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून कार्यप्रत तयार करावी, तुकडे असतील तर ते याच वेळी एफएफएमपेगसारख्या दुसऱ्या साधनाने सांधावेत, आणि त्यानेच ध्वनीची वेगळी वेव्ह फाइल काढावी, कारण ईलानमधील ध्वनिलहरींचे चित्र तिच्यावरून उमटते. कार्यप्रत कोणत्या मूळ फाइलीपासून, कोणत्या तारखेला, कोणत्या सेटिंगने केली, याची नोंद तक्त्यात करावी.

इशारा: सुरुवातीचा कॅमेरा हलण्याचा भाग कापायचा असेल, तर तो आताच कापावा. ईलान प्रत्येक टिपणाची वेळ व्हिडिओच्या प्रारंभापासून मिलिसेकंदांत मोजते. टिपणे झाल्यावर सुरुवातीचे ४० सेकंद कापले, तर प्रत्येक टिपण ४० सेकंदांनी चुकीच्या जागी जाते. सर्व टिपणे एकदम सरकवण्याची सोय ईलानमध्ये आहे, पण नेमके किती कापले हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

## टप्पा ६: ईलानमध्ये फाइली जोडणे

प्रत्येक ओळख क्रमांकाचा एक फोल्डर करून त्यात कार्यप्रत, वेव्ह फाइल आणि ईलानची .ईएएफ फाइल एकत्र ठेवावी. .ईएएफ ही एक्सएमएल स्वरूपातील मजकूर फाइल आहे. तिच्यात व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. ईलान पूर्ण पत्ता आणि सापेक्ष पत्ता असे दोन्ही लिहून ठेवते आणि व्हिडिओ मूळ जागी नसेल, तर .ईएएफ च्या फोल्डरातही तो शोधते. पेन ड्राइव्हवर केवळ .ईएएफ फाइल घेऊन महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे व्हिडिओ का दिसत नाही, याचे उत्तर यात आहे. संपूर्ण फोल्डर न्यावा.

हा शोध नावावरून होतो, ही बाब लक्षात ठेवावी. कॅमेऱ्याचे मूळ नाव तसेच ठेवले असेल आणि त्याच नावाची दुसऱ्या दिवसाची फाइल हाताने जोडली गेली, तर ईलान ती उघडते. टिपणे एका मुलाखतीची आणि चित्र दुसऱ्या मुलाखतीचे, अशी अवस्था होते. दुवा बदलायचा असल्यास ‘एडिट’ मेनूतील ‘लिंक्ड फाइल्स’ येथून बदलावा आणि लगेच तीन ठिकाणी आवाज व टिपण जुळवून पाहावे.

## टप्पा ७: टियर आणि त्यांचे गुणधर्म

टियर म्हणजे ईलानमध्ये एका व्यक्तीची किंवा एका प्रकारची टिपणे ज्यावर लिहिली जातात तो स्तर. टियरची रचना एकदाच विचारपूर्वक करून ती ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ने .ईटीएफ फाइल म्हणून जतन करावी आणि प्रत्येक नवे काम तिच्यापासूनच सुरू करावे. एका फाइलीत ‘मजकूर’, दुसरीत ‘बोलणे’, तिसरीत रोमनमधील ‘टेक्स्ट’ अशी नावे पडली, की अनेक फाइलींत एकत्र शोध घेण्याची ईलानची उत्तम सोय निकामी होते.

प्रत्येक टियरच्या गुणधर्मांत ‘पार्टिसिपंट’ आणि ‘ॲनोटेटर’ हे दोन रकाने असतात आणि बहुतेक जण ते रिकामे सोडतात. पहिल्यात नोंदपत्रकातील ‘व्य-०१’ हाच संकेत अक्षरशः तसाच लिहावा, दुसऱ्यात टिपणे करणाऱ्याचा संकेत. टिपणे तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढताना हे संकेत सोबत घेता येतात, आणि कोणते वाक्य कोणत्या व्यक्तीचे, हे नोंदपत्रकाशी आपोआप जोडता येते. ठरावीक मूल्ये असलेल्या टियरला, जसे की भाषा किंवा कामाचा टप्पा, ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी’ जोडावी, आणि तिच्यातील शब्द टप्पा ४ च्या यादीतूनच घ्यावेत.

ईलानमधील ‘मेटाडेटा’ या खिडकीविषयी गैरसमज आहे. आयएमडीआय किंवा सीएमडीआय या भाषिक साहित्याच्या मेटाडेटा-मानकांच्या स्वरूपातील तयार नोंद फाइल जोडल्यास तिच्यातील माहिती तेथे दिसते. माहिती भरण्याची ती जागा नाही. त्यामुळे ‘ईलानमध्ये भरीन’ म्हणून नोंदपत्रक पुढे ढकलू नये.

इशारा: पहिल्या टिपणात ‘मुलाखत, १५ सप्टेंबर, स्थळ अमुक’ असा मजकूर टाकून मेटाडेटा भरल्याचे समाधान मानू नये. ती माहिती शब्दगणनेत मिसळते आणि शोधात बोलणाऱ्याचे वाक्य म्हणून येते.

## टप्पा ८: तक्ता सुरक्षित राखणे

एक्सेल आपल्या परवानगीवाचून मदत करते. ‘००३’ चे ३ होते आणि तारखेचे स्वरूप बदलते, म्हणून ओळख क्रमांक व तारीख यांचे रकाने माहिती भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करावेत. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि फाइल बंद केल्यावर तो मजकूर परत मिळत नाही. तक्त्याची मूळ प्रत एकाच व्यक्तीकडे असावी, आणि इतरांनी दुरुस्त्या तिच्याकडे पाठवाव्यात.

ईलानमध्ये आपोआप बॅकअप घेण्याची सोय चालू करावी. फोल्डरात दिसणारी .पीएफएसएक्स फाइल केवळ पडद्यावरील मांडणीची असते; ती गेली तरी टिपणे जात नाहीत.

## टप्पा ९: परक्या संगणकावर चाचणी

काम पूर्ण झाल्यावर एक फोल्डर आणि नोंदपत्रक अशा सहकाऱ्याला द्यावे, जो चित्रीकरणाला हजर नव्हता, आणि त्याला स्वतःच्या संगणकावर ते उघडायला सांगावे. आपण जवळ बसावे, पण बोलू नये. व्हिडिओ उघडतो का, दुसऱ्या टियरवरील व्यक्तीची भूमिका त्याला तक्त्यातून सापडते का, ही फाइल वर्गात दाखवता येईल की नाही हे तो सांगू शकतो का, आणि कार्यप्रतीवरून मूळ फाइलीपर्यंत पोहोचून तिचा चेकसम जुळवू शकतो का, हे चार प्रश्न त्याला द्यावेत. ज्या प्रश्नाशी तो अडखळेल आणि आपल्याकडे पाहील, त्याचे उत्तर अजून केवळ आपल्या स्मरणात आहे. ते त्याच बैठकीत योग्य रकान्यात लिहावे आणि रकानाच नसेल तर तो वाढवून आधीच्या सर्व नोंदींतही भरून घ्यावा.